इंग्लिश फुटबॉलची प्रीमियर लीग २०२५-२६ : पहिले १० सामने झाले. यातलं काय धरायचं, काय सोडायचं?

मधली फळी | १९ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.१०

काल रात्री लीड्स-एव्हर्टन संपला आणि पहिली फेरी पूर्ण झाली. १० सामन्यांत २४ गोल. चर्चेसाठी निकाल एका जागी :

लिव्हरपूल ४-२ बोर्नमथ
ॲस्टन व्हिला ०-० न्यूकॅसल
ब्रायटन १-१ फुलहॅम
संडरलंड ३-० वेस्ट हॅम
टॉटनहॅम ३-० बर्नली
वुल्व्हज ०-४ मँचेस्टर सिटी
चेल्सी ०-० क्रिस्टल पॅलेस
नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३-१ ब्रेंटफर्ड
मँचेस्टर युनायटेड ०-१ आर्सेनल
लीड्स १-० एव्हर्टन

या घडीला गुणतक्ता बघून काही कळत नाही. ट्रान्सफर खिडकी (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) १ सप्टेंबरपर्यंत उघडी आहे, निम्मे संघ अजून अर्धेमुर्धे आहेत. म्हणून प्रश्न असा : या ९० मिनिटांत जे दिसलं त्यातलं पुन्हा पुन्हा दिसेल असं काय, आणि त्या दिवसापुरतं काय? कृपया "आमचा संघ भारी" एवढंच लिहू नका. कोणत्या मिनिटाला काय झालं आणि का झालं, ते लिहा.

सुरुवात माझ्याकडून. लिव्हरपूलचे ४ गोल सोडा, खाल्लेले २ बघा. ६४व्या आणि ७६व्या मिनिटाला बोर्नमथच्या सेमेन्योने केलेले दोन्ही गोल प्रतिहल्ल्यातून आले. दुसऱ्यात तर तो आपल्या अर्ध्यातून बॉल घेऊन निघाला आणि पेनल्टी बॉक्सपर्यंत त्याला कोणी गाठलंच नाही. पाच दिवस आधी, लीग सुरू होण्यापूर्वीच्या कम्युनिटी शील्ड सामन्यातही पॅलेसने २ गोल केले होते. लागोपाठ दोन सामन्यांत दोन-दोन गोल खाल्ले, तेव्हा हे मला "धरायच्या" यादीत वाटतं.

---

अनफील्डकर | १९ ऑगस्ट, सकाळी ९.४८

निरीक्षणाशी सहमत, निष्कर्षाशी अर्धाच. त्या सामन्यात मिडफिल्डर ग्राफेनबर्ख नव्हता. मे महिन्यातल्या शेवटच्या सामन्यातल्या लाल कार्डाची बंदी होती. गेल्या मोसमात लिव्हरपूल हल्ल्यावर असताना दोन सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढे उभा राहून बॉल उचलायचं काम तोच करायचा. शुक्रवारी तिथे मॅकॲलिस्टर आणि सोबोस्लाय होते. दोघांचा कल पुढे जाण्याकडे, त्यात विर्ट्झही पुढेच.

घडलं ते असं : फ्रिम्पाँग आणि केर्केझ दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) एकाच वेळी वर. मागे व्हॅन डाइक आणि कोनाटे. दोघांच्या पुढची २० यार्डांची जागा मोकळी. बॉल गेला की प्रतिस्पर्ध्याला पहिला पास सरळ त्या जागेत मिळतो, आणि सेंटर बॅकला ठरवावं लागतं की पुढे यायचं की मागे सरकायचं. दोघेही मागे सरकत राहिले.

उपाय माहीत असलेलाच आहे. एक फुलबॅक वर गेला की दुसऱ्याने आत येऊन तिसरा सेंटर बॅक बनायचं. गेल्या वर्षी रॉबर्टसन हे करायचा. केर्केझचा स्वभाव रेषेवरून धावायचा आहे, त्याला हे शिकायला दोन-तीन महिने लागतील. म्हणजे दोष खरा आहे, पण दुरुस्त होणारा आहे. २५ तारखेला न्यूकॅसलकडे परीक्षा आहे, गॉर्डन आणि बार्न्स नेमके याच जागेत धावतात.

एक गोष्ट मात्र कायम धरून चाला. ९०+४ ला सालाहचा गोल. मोसमाच्या पहिल्या सामन्यांमधला हा त्याचा १०वा, लीगमधला विक्रम. आणि २०व्या मिनिटाला अख्खं स्टेडियम जुलैत अपघातात गेलेल्या, २० नंबरची जर्सी घालणाऱ्या जोटासाठी गात होतं, ते ऐकताना सामन्याचं भान राहत नव्हतं.

---

शिट्टी | १९ ऑगस्ट, सकाळी १०.३०

त्याच सामन्यातली सर्वांत गंभीर गोष्ट निकालाच्या गडबडीत मागे पडू नये. पहिल्या अर्ध्यात, अर्ध्या तासाच्या आसपास, सेमेन्योने रेफ्री अँथनी टेलरला सांगितलं की प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिवी आली. टेलरने खेळ लगेच थांबवला, दोन्ही कप्तान आणि दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून सांगितलं आणि मग खेळ पुन्हा सुरू झाला. त्या माणसाला बाहेर काढलं, नंतर ४७ वर्षांच्या एका माणसाला अटक झाली.

खेळाडूने तक्रार केल्यावर "सामन्यानंतर बघू" असं उत्तर मिळालं नाही, हे महत्त्वाचं. एवढं झाल्यावर त्याच मैदानावर त्याने २ गोल केले. त्याच्याबद्दल आदर आहेच, पण असं सोसूनही चांगलं खेळण्याची जबाबदारी कुठल्याच खेळाडूवर पडता कामा नये.

---

गनर_पुणे | १९ ऑगस्ट, सकाळी ११.०५

आर्सेनलचा गोल "धरायचा" आहे, कारण तो योगायोग नाही. १३वं मिनिट, राइसचा कॉर्नर, कॅलाफिओरीचा अगदी गोललाइनजवळून हेडर. २०२१ पासून निकोलस जोव्हर हे सेट पीस (कॉर्नर, फ्री किकचे ठरवलेले डाव) बसवतोय आणि रचना साधारण तीच आहे :

बॉल गोलच्या दिशेने वळणारा, उंची क्रॉसबारच्या जरा खाली, पडायची जागा कीपरच्या डोक्यावर. एक मोठ्या अंगाचा माणूस कीपरशेजारी, इथे सलिबा. तो ढकलत नाही, फक्त जागा व्यापतो. बाकीचे चार-पाच जण दूरच्या पोस्टजवळ घोळका करून उभे असतात आणि किकबरोबर सहा यार्डांच्या चौकटीत घुसतात. कीपरने बॉल पकडला तर हल्ला संपला. पण त्याला एका हाताने किंवा अर्ध्या उडीत ठोसा मारावा लागला, तर बॉल लांब जात नाही, तिथेच पडतो.

युनायटेडचा कीपर बायिंदरचं तेच झालं. पाऊल उशिरा उचललं, सलिबा शेजारी असल्याने हात पूर्ण वर गेले नाहीत, बॉल मागे निसटला.

---

लाल बाजू | १९ ऑगस्ट, दुपारी १२.२०

सलिबाचा हात कीपरच्या अंगावर होता. माझ्या मते तो फाउल होता.

ते बाजूला ठेवलं तरी युनायटेडचे २२ शॉट, आर्सेनलचे ९. डोर्गूचा एक पोस्टला लागला. नवे आलेले कुन्या आणि म्बेमो पहिल्याच दिवशी बॉल घेऊन माणसाच्या अंगावर जात होते. गेल्या मोसमात १५वा आलेला, ४२ गुणांवर थांबलेला संघ असा खेळत नव्हता. हार झाली तरी मी हे "धरायच्या" बाजूला टाकतो.

---

शिट्टी | १९ ऑगस्ट, दुपारी १२.४५

सलिबाबद्दल : मैदानावर गोल दिला गेला होता. व्हीएआरला (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीला) तो काढायचा तर चूक उघड आणि स्पष्ट असायला हवी. "फाउल म्हणता आला असता" एवढं पुरत नाही. उलट रेफ्रीने मैदानावरच फाउल दिला असता, तर तोही निर्णय टिकला असता. म्हणून कॉर्नरला कीपरने काय करायचं ते आधी ठरतं : शेजारच्याला किक होण्यापूर्वीच रेफ्रीच्या नजरेला आणायचं, आपल्या एका डिफेंडरला मध्ये उभं करायचं आणि गर्दीत दोन्ही मुठींनी बॉक्सबाहेर ठोसा मारायचा. बायिंदरसमोर आपला असा माणूस नव्हता.

---

मधली फळी | १९ ऑगस्ट, दुपारी १.३०

@लाल बाजू, २२ हा आकडा खरा आहे, पण ते शॉट कुठून मारले हेही मोजा. आर्सेनल १३व्या मिनिटापासून पुढे होता आणि हळूहळू मागे बसला. मागे बसलेल्या संघासमोर शॉटची संख्या आपोआप वाढते.

खरी अडचण मधल्या फळीत आहे. युनायटेडच्या ३-४-२-१ मांडणीत मध्यभागी दोघेच : ब्रुनो आणि कासेमिरो. समोर राइस, झुबिमेंडी, ओडेगार्ड. दोन विरुद्ध तीन. हा हिशेब जुळवायचा तर पुढच्या दोघांपैकी एकाला सतत खाली यावं लागतं, नाहीतर मागच्या तिघांपैकी एकाला वर यावं लागतं. रविवारी आर्सेनलने बॉलवर चांगला खेळ केला नाही म्हणून ते झाकलं गेलं. ग्योकेरेसला तर पहिल्या तासाभरात धड बॉलच मिळाला नाही, ६०व्या मिनिटाला हावर्ट्झ आला.

म्हणजे पुढची फळी सुधारली, मान्य. मधली अजून तशीच आहे.

---

लाल बाजू | १९ ऑगस्ट, दुपारी २.०२

दोन विरुद्ध तीन मान्य. पण माउंट नंबर नऊच्या (मुख्य स्ट्रायकरच्या) जागेवर खेळत होता तोपर्यंत तो खाली येऊन तिसरा बनत होता, युनायटेडचा चांगला काळ तोच होता. त्याच्या जागी नवा स्ट्रायकर शेश्को आल्यावर ते बंद झालं. आता प्रश्न असा की शेश्को सुरुवातीपासून खेळला की हे कोण करणार. २४ तारखेला फुलहॅमकडे कळेल.

---

सहा यार्ड | १९ ऑगस्ट, दुपारी ३.१५

पॅलेसच्या रद्द गोलाबद्दल कुणीच लिहिलं नाही? १३व्या मिनिटाला एझेची फ्री किक थेट जाळीत, आणि गोल रद्द. बहुतेकांना कारणच कळलं नाही. ऑफसाइड नव्हता, फाउल नव्हता.

---

शिट्टी | १९ ऑगस्ट, दुपारी ३.५०

नियम १३. बचाव करणाऱ्या संघाच्या ३ किंवा अधिक खेळाडूंची भिंत असेल, तर बॉल खेळात येईपर्यंत हल्ला करणाऱ्या संघाचा प्रत्येक खेळाडू भिंतीपासून किमान १ मीटर लांब असायला हवा. २०१९ पासून हा नियम आहे. त्याआधी हल्लेखोर भिंतीत घुसायचे, धक्काबुक्की व्हायची, फ्री किक घ्यायलाच वेळ लागायचा.

नियम मोडला तर बचाव करणाऱ्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही). त्यातून गोल झाला असेल तर व्हीएआर तपासू शकतो, आणि अंतर ही वस्तुस्थिती आहे, मताचा प्रश्न नाही. पॅलेसचा कप्तान ग्वेही किकच्या क्षणी भिंतीला खेटून होता, तिथल्या खेळाडूशी झटापट चालली होती, आणि बॉल त्याच बाजूने गेला. रेफ्री डॅरेन इंग्लंडने हे मायक्रोफोनवर स्टेडियमला सांगितलंही. या मोसमापासून व्हीएआर तपासणीनंतर रेफ्री निर्णय बोलून दाखवतात.

निर्णय बरोबर आहे. पॅलेसवाल्यांचं दुखणं समजतं, कारण हा नियम इतक्या काटेकोरपणे लावलेला क्वचितच दिसतो. पण आता प्रत्येक संघाने सरावात हे घ्यायला हवं. भिंतीजवळ माणूस हवाच असेल तर तो शेजारी नको, भिंतीच्या पुढे बॉलच्या बाजूला हवा. सव्वा-दीड मीटर अंतर ठेवलं तरी कीपरची नजर अडते. फक्त भिंतीच्या मागे राहायचं नाही, तिथे ऑफसाइडचा धोका वेगळा.

---

सहा यार्ड | १९ ऑगस्ट, दुपारी ४.१०

धन्यवाद, आता कळलं. कीपरच्या ८ सेकंदांचंही सांगाल का? रेफ्री हात वर करून बोटं मोजताना दिसले.

---

शिट्टी | १९ ऑगस्ट, दुपारी ४.४०

पूर्वी ६ सेकंद आणि मोडल्यास बॉक्समध्ये इनडायरेक्ट फ्री किक. शिक्षा इतकी विचित्र की कोणी देत नसे. आता ८ सेकंद आणि शिक्षा कॉर्नर. कीपरचा बॉलवर पूर्ण ताबा आला आणि प्रतिस्पर्धी अडवत नसेल, की मोजणी सुरू. शेवटचे ५ सेकंद रेफ्री हाताने दाखवतो. कॉर्नर कीपर ज्या बाजूला जवळ असेल त्या बाजूने.

सवयीची चूक अशी : कीपर बॉल पकडून जमिनीवर पडून राहतो, मग सावकाश उठतो. पडून राहिलेला वेळही मोजला जातो. दुसरी चूक म्हणजे कोणी मोकळा नसताना बॉल हातातच ठेवून वाट बघणं. तिसऱ्या सेकंदापर्यंत पास दिसला नाही तर बॉल खाली टाकून पायाने खेळायचा, तिथे ही मर्यादा नाही.

---

कोपऱ्यातला झेंडा | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२५

खालच्या लीगमधून बढती मिळालेल्या तिघांबद्दल. पहिल्या आठवड्यात या तिघांचे मिळून गुण :

२०२३-२४ : ० (बर्नली, शेफिल्ड युनायटेड, ल्युटन)
२०२४-२५ : १ (लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन)
२०२५-२६ : ६ (लीड्स ३, संडरलंड ३, बर्नली ०)

आधीच्या दोन्ही मोसमांत तिघेही एका वर्षात खाली गेले. म्हणून यंदाचे ६ गुण मनाला उभारी देणारे आहेत. संडरलंड तर २०१७ नंतर प्रथमच या लीगमध्ये. मे महिन्यात वेम्ब्लीवर शेवटच्या क्षणी बढती मिळवलेला संघ.

तरी सावध. २०१६-१७ मध्ये हल सिटीने पहिले दोन्ही सामने जिंकले होते आणि मोसमाअखेर ते खाली गेले.

संडरलंडचं मला जे टिकेलसं वाटतं ते गोल नव्हेत. शाका मधे उभा राहून बॉल फिरवत होता आणि सामना कधी संथ करायचा ते ठरवत होता. बढती मिळालेल्या संघांना हेच जमत नाही. ते ९० मिनिटं धावतात आणि ७०व्या मिनिटाला दमतात. इथे उलट झालं, पहिला अर्धा ०-०, मग ६१, ७३ आणि ९०+२.

वेस्ट हॅमचं टिकेलसं जे आहे ते चिंतेचं. पहिले दोन्ही गोल, मायेंडा आणि बॅलार्ड, क्रॉसवर हेडरने. क्रॉस देणाऱ्यावर दाब नाही आणि बॉक्समध्ये माणूस पकडलेला नाही, दोन्ही चुका एकत्र. शुक्रवारी चेल्सी येतेय.

---

गनर_पुणे | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.००

लीड्सची पेनल्टी मात्र मला पटली नाही. ८४वं मिनिट, श्टाखचा शॉट, एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीचा हात अंगाला चिकटलेला. लुकास न्मेचाने गोल केला आणि ३ गुण लीड्सकडे गेले.

---

शिट्टी | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३५

यावर मतभेद रास्त आहेत. नियमात हँडबॉलचे दोन दरवाजे आहेत : हाताने अंगाचा आकार अनैसर्गिकरीत्या वाढला, किंवा हात मुद्दाम बॉलकडे नेला. पहिला इथे लागू नाही, हात अंगालगतच होता. रेफ्रीने दुसरा धरला : टार्कोव्स्की बॉलच्या दिशेने झुकला आणि हात त्या रेषेत आला. मैदानावर पेनल्टी दिली होती, म्हणून व्हीएआरने ठेवली. दिली नसती तर तोही निर्णय ठेवला असता, असं मला वाटतं. सगळा मोसम अशा प्रसंगांना हाच निकष लावला, तरच तो न्याय्य ठरेल.

व्हिलाच्या कोन्साच्या लाल कार्डात मात्र वाद नाही. ६६वं मिनिट, गॉर्डन एकटा पुढे, मागून ओढलं. गोलपर्यंतचं अंतर, दिशा, बॉल ताब्यात येण्याची शक्यता, आसपासचे डिफेंडर : चारही गोष्टी गॉर्डनच्या बाजूने. एका सामन्याची बंदी.

---

कोपऱ्यातला झेंडा | १९ ऑगस्ट, रात्री ८.१५

त्या सामन्यातलं न्यूकॅसलचं दुखणं लिहायलाच हवं. २५ मिनिटं एक माणूस जास्त, तरी ०-०. मुख्य स्ट्रायकर इसाक संघात नाही, गॉर्डन मधे खेळतोय. तो जागेत धावणारा खेळाडू आहे, गर्दीत पाठ करून उभा राहणारा नव्हे. व्हिला १० जणांवर आल्यावर मागे बसली, धावायची जागाच संपली. लाल कार्डाने न्यूकॅसलचं शस्त्रच बोथट केलं. १ सप्टेंबरपूर्वी नंबर नऊ आला नाही, तर हे दर आठवड्याला दिसेल.

चेल्सीचा ०-० मी "सोडायच्या" यादीत टाकतो. १३ जुलैला क्लब वर्ल्ड कपचा अंतिम सामना खेळले, त्यानंतर ३५ दिवसांनी लीग. सुट्टी आणि सराव दोन्ही त्यातच.

---

रात्रीचे साडेबारा | १९ ऑगस्ट, रात्री ९.४०

फँटसी (खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बनवून गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ) खेळणाऱ्यांसाठी. यंदा बचावाचे गुण नवे आहेत : डिफेंडरने क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून १० केले तर २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांचे बॉल परत मिळवणंही मोजतात. एका सामन्यात जास्तीत जास्त २.

बॅलार्डचा हिशेब बघा. डिफेंडरचा गोल ६, क्लीन शीट (संघाने एकही गोल न खाणं) ४, ६० मिनिटांहून जास्त खेळल्याचे २ : बोनस आणि बचावाचे गुण धरण्याआधीच १२.

पहिल्या आठवड्यानंतर सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे जादा बदलांसाठी ४-४ गुण कापून घेऊन गोल करणाऱ्यांच्या मागे धावणं. टॉटनहॅमच्या रिचार्लिसनने बर्नलीविरुद्ध २ केले, दोन्ही कुडूसच्या पासवर. पुढचा सामना सिटीकडे आहे. सिटीच्या राइंडर्सचं वेगळं. मोसमाच्या सुरुवातीला त्याची किंमत ५.५ (फँटसीतले दशलक्ष पौंड) होती, गोल केला, गोल घडवलाही, आणि मुख्य म्हणजे तो बॉक्समध्ये उशिरा पोचण्याच्याच जागेवर खेळतोय. मी भूमिका बघून घेईन, गुण बघून नाही.

किमतीचं गणितही लक्षात असू द्या. नफ्याचा निम्माच भाग मिळतो, तोही खालच्या ०.१ ला. खेळाडू ०.१ ने वाढला आणि विकला तर हाती काहीच येत नाही, ०.२ वाढला तर ०.१. त्यामुळे भाव वाढेल या भीतीने मंगळवारीच बदल करू नका, आठवड्यात कोणी जायबंदी झाला तर अडकाल. फ्रिम्पाँग तासाभरातच बाहेर गेला, हे ध्यानात घ्या.

चिप्स (एखाद्या आठवड्यापुरत्या वापरायच्या खास सवलती) यंदा प्रत्येकी दोन आहेत. पहिला संच १९व्या आठवड्याच्या मुदतीपूर्वी संपवायचा, पुढे नेता येत नाही.

---

सहा यार्ड | १९ ऑगस्ट, रात्री १०.०५

दुसऱ्या आठवड्याच्या आपल्याकडच्या वेळा कोणी देईल का? आणि बदलाची मुदत किती वाजता?

---

रात्रीचे साडेबारा | १९ ऑगस्ट, रात्री १०.३०

मुदत शुक्रवार २२ ऑगस्ट, रात्री ११.००. पहिल्या सामन्याच्या नेहमी ९० मिनिटं आधी.

वेस्ट हॅम-चेल्सी : शुक्रवारी मध्यरात्रीनंतर १२.३०
सिटी-टॉटनहॅम : शनिवार संध्याकाळी ५.००
शनिवारचे मधले सामने : ७.३०, यात बर्नली-संडरलंड आहे
आर्सेनल-लीड्स : शनिवार रात्री १०.००
एव्हर्टन-ब्रायटन आणि पॅलेस-फॉरेस्ट : रविवार संध्याकाळी ६.३०
फुलहॅम-युनायटेड : रविवार रात्री ९.००
न्यूकॅसल-लिव्हरपूल : सोमवारी मध्यरात्रीनंतर १२.३०

स्टार स्पोर्ट्स सिलेक्ट आणि जिओहॉटस्टार. २६ ऑक्टोबरला इंग्लंडची घड्याळं मागे जातात, तेव्हापासून या सगळ्या वेळांत १ तास मिळवा. साडेबाराचा सामना दीडला.

रविवारचे साडेसहाचे दोन्ही सामने एकाच वेळी आहेत. एकच बघणार असाल तर एव्हर्टन बघा. गुडिसन पार्क सोडल्यावर नव्या हिल डिकिन्सन स्टेडियमवरचा त्यांचा हा पहिला लीग सामना.